उन्हाळ्यात गावाला जाणारा समुद्र

जेद्दाच्या एका भारतीय शाळेत मी एकवीस वर्षं भूगोल शिकवला. भरती-ओहोटीचा धडा आला की दरवर्षी फळ्यावर मी एकच आकृती काढत असे: मधे पृथ्वी, उजवीकडे चंद्र आणि पृथ्वीच्या दोन्ही अंगांना फुगलेलं पाणी. आकृती बरोबर होती, आजही बरोबरच आहे. तरीही तिच्याच भरवशावर मी तांबड्या समुद्राकाठच्या एका गावाची अख्खी लागवड धोक्यात आणली. त्याची ही हकीकत आहे. दोष सांगण्यासाठी ती लिहितेच आहे. पण खरं सांगायचं तर त्या गावाची आठवण आल्याशिवाय आता माझी सकाळ सरत नाही, हे लिहिण्याचं मोठं कारण आहे.

यजमानांची बदली किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटीतल्या एका कारखान्यात झाली, तेव्हा मी शाळा सोडली. नवं शहर आखीव होतं. रुंद रस्ते, ओळीनं लावलेल्या खजुरी, आणि चालणारं माणूस क्वचितच. दर शुक्रवारी सकाळी आम्ही गाडी काढून किनाऱ्यानं थोडं पुढे, मासळीसाठी एका लहानशा गावात जाऊ लागलो. तिथे एक वृद्ध कोळी आपल्या होडीजवळ बर्फाच्या पेटीत मासे मांडून बसत. तरुणपणी जेद्दाच्या गोदीत भारतीय खलाशांबरोबर काम केल्यामुळे त्यांना हिंदी चांगली येई. आम्ही त्यांना चाचा म्हणू लागलो. आमचं सगळं बोलणं हिंदीत व्हायचं. इथे ते मराठीत लिहिते.

पहिल्या दिवशी मी सवयीनं माशाचा कल्ला उघडून पाहिला.

"ताजा आहे ना?"

"तुमच्या आधी उठलाय तो आज," चाचा म्हणाले. "दाबू नका त्याला, थकलाय."

मी शिक्षिका आहे हे कळल्यावर ते मला 'अबला' म्हणू लागले. त्या भागात शिक्षिकेला तशीच हाक मारतात. परतताना गाडीत यजमानांना हसू आवरेना. "एकवीस वर्षं पोरं तुला टरकून होती, घरात मी टरकून आहे, आणि या गावानं एका सकाळीत तुला अबला केलं!"

होडीच्या मागे जाळीच्या सावलीत गावातल्या बायका काळ्या पिशव्यांत चिखल भरत बसलेल्या असत. एका शुक्रवारी मी जवळ जाऊन पाहिलं आणि पिशवीतलं रोप पाहताच ओळखलं. जाडसर, मागून रुपेरी झाक असलेलं पान. आमच्या रत्नागिरीच्या खाडीत याला तिवर म्हणतात. तिथे त्याचं नाव शूरा. सासरच्या गावात माहेरची बाई भेटावी तसं मला झालं.

ती रोपवाटिका गावाच्या संस्थेची होती आणि संस्था चालवायची चाचांची लेक. पस्तिशीची, जेद्दात शिकलेली, बोलायला थेट. कल्पना तिनं मला समजावली. झाड हवेतला कर्ब घेतं हे आपण शाळेत शिकतो. तिवरांच्या वनात गळलेली पानं आणि मुळं चिखलात पुरली जातात. त्या चिखलात प्राणवायू नसतो, म्हणून ती लवकर कुजत नाहीत आणि कर्ब वर्षानुवर्षं तिथेच राहतो. गावानं वन उभं केलं आणि जपलं, तर साठलेल्या कर्बाची मोजणी होते आणि त्या मोजणीवर कार्बन क्रेडिट मिळतात. ती क्रेडिट दूरच्या कंपन्या विकत घेतात आणि त्यातून लागवडीचा खर्च, बायकांचे पगार, उंटांसाठीचं कुंपण चालतं. उंटांना शूराचा पाला फार आवडतो.

"सगळं आहे," ती म्हणाली. "फक्त इंग्रजीत नोंदी ठेवणारं कुणी नाही. आणि क्रेडिट घेणाऱ्यांनी करारासोबत दिलेली ही पुस्तिका वाचणारं कुणी नाही."

पुस्तिका मी घरी आणली. ती मुळात विषुववृत्तीय बेटांवरच्या पीट जमिनींसाठी लिहिलेली होती. पीट म्हणजे दलदलीच्या जंगलात हजारो वर्षं साचलेला अर्धवट कुजलेला पालापाचोळा. पुरुषभर खोल थर. पूर्वी लोकांनी चर खणून तिथलं पाणी काढून दिलं, थर कोरडा पडला, पेटला आणि साठलेला कर्ब धूर होऊन गेला. आता तिथले गावकरीच ते चर बुजवतात, पाणी पुन्हा अडवतात आणि झाडं लावतात. चित्रांत गुडघाभर पाण्यात उभी असलेली माणसं लाकडी बांध घालत होती. आमच्या समुद्रासाठी तीच पुस्तिका थोडीफार बदलून दिली होती. पहिल्याच प्रकरणाचं शीर्षक होतं: लागवडीपूर्वी वर्षभर पाण्याची पातळी नोंदवा.

ते प्रकरण मी वाचलं आणि समासात पेन्सिलीनं लिहिलं, 'फक्त पीटसाठी'. समुद्राची पातळी मला कुणी शिकवावी, असं मला वाटलं नाही.

तरी मी कामात हयगय केली नाही. माझा जन्म खाडीकाठचा. उधाणाची मोठी भरती आणि भांगाची लहान, पाणी कधी चढेल, कधी उतरेल, हे आमच्याकडे शाळेत जाण्यापूर्वीच कळतं. डिसेंबरात मी काठावर एक खुणेची काठी रोवली आणि अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत पंधरा दिवस, सकाळ-संध्याकाळ, पाण्याच्या खुणा टिपल्या. कोकणात दिवसातून दोनदा समुद्र पुरुषभर चढतो-उतरतो. इथे तो वीतभरच हलत होता. एवढा शहाणा समुद्र मी पाहिला नव्हता. लागवडीची वरची मर्यादा मी काढली, दोरीला दर दीड हातावर गाठी मारल्या आणि बायकांना ओळी आखून दिल्या.

चाचा कमरेवर हात ठेवून पाहत होते.

"अबला, ही जागा समुद्राची थंडीतली आहे," ते म्हणाले. "गर्मीत तो इथे नसतो."

"मग कुठे असतो?"

"जातो. लांब जातो."

मला त्यांचा विश्वास मोठा गोड वाटला. ओहोटीविषयीच बोलत आहेत असं मी धरलं, आणि शिक्षिकेला न आवरणारी गोष्ट केली. चटई अंथरली होती, तिच्यावर बायकांच्या न्याहारीतलं एक संत्रं ठेवलं, शेजारी एक खजूर ठेवला, आणि चंद्र पाणी कसं ओढतो ते समजावून सांगितलं. सगळे शांतपणे ऐकत होते. बायकांनी मान डोलावली. चाचांनी खजुराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, "माशाल्लाह" म्हणाले आणि माझ्या लहानशा पेल्यात पुन्हा कहावा, त्यांची अरबी कॉफी, ओतला. त्यांच्या लेकीनं बापाकडे एकदा रोखून पाहिलं. 

त्या आठवड्यात चाचांनी स्वतःच्या हातानं दोन वाकड्यातिकड्या ओळी लावल्या. बऱ्याच खाली, एका ओघळीच्या कडेनं, घोटाभर पाण्यात. दोरी नाही, अंतर नाही. मी वहीत नोंद केली: 'आराखड्याबाहेरील लागवड'.

ते दोन-तीन महिने मला आजही जसेच्या तसे दिसतात. सकाळच्या थंड वाऱ्यात बायकांचे काळे, पायघोळ अबाये गुडघ्याशी खोचलेले, चिखलात रुतलेले बूट, आणि एकमेकींची अखंड थट्टा. कुणाची ओळ वाकडी झाली की दुसरी ओरडे, "अबला, हिला कोपऱ्यात उभी करा!" मी लटका राग दाखवून खरोखरच तिला बाजूला उभी करी आणि सगळ्या हसत. शाळा सोडल्यावर पहिल्यांदाच माझ्याभोवती वर्ग भरला होता. मार्चमध्ये वरच्या ओळींतल्या रोपांना नवी पालवी फुटली. मी फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवले.

मग जून आला आणि आम्ही गावी निघालो. आखातात मुलं वाढवलेल्या प्रत्येक भारतीय घराचा हा नेम आहे: शाळेला मोठी सुटी लागली की विमान. मुलं मोठी होऊन आपापल्या वाटेनं गेली तरी तो नेम आमच्या अंगात भिनला होता. एकवीस वर्षांत एकही जुलै-ऑगस्ट मी तांबड्या समुद्राकाठी काढलेला नव्हता. हे वाक्य मी आज इतक्या सहज लिहिते, पण तेव्हा ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. रत्नागिरीहून मी चाचांच्या लेकीला विचारी, "रोपं कशी आहेत?" ती लिही, "अलहम्दुलिल्लाह, सगळं ठीक."

ऑगस्ट संपताना आम्ही परतलो. त्याच शुक्रवारी गावात गेलो. होडीजवळ उतरले आणि समोर पाहिलं, तर समुद्र नव्हता.

म्हणजे होता, पण दूर. माझी खुणेची काठी कोरड्या, भेगाळलेल्या, मिठानं पांढऱ्या पडलेल्या जमिनीत उभी होती. माझ्या सरळ ओळी सरळच होत्या. फक्त त्यांतली रोपं काड्या झाली होती. मी एक काडी बोटांत धरली, ती मोडली. पाणी परत कधी येतं म्हणून मी वेड्यासारखी दुपारपर्यंत थांबले. ते वीतभर हललं आणि तिथेच राहिलं. खाली, ओघळीच्या कडेला, चाचांच्या वाकड्या ओळी हिरव्यागार होत्या.

"तू मला ठीक आहे म्हणून लिहिलंस," मी लेकीला म्हणाले.

"तुम्ही आईच्या घरी होतात. तिथे बसून काय केलं असतंत?" ती जमिनीकडे बघत म्हणाली. "जुलैभर आम्ही डब्यांनी पाणी घातलं. समुद्रातून भरायचं, इथवर आणायचं. दोघी चक्कर येऊन पडल्या, तेव्हा बाबांनी बंद करायला लावलं."

"पण मला आधी का नाही सांगितलं? डिसेंबरात?"

"बाबांनी सांगितलं होतं, अबला. तुम्ही संत्रं काढलंत." मग ती म्हणाली, "आमचा कहावा घेतलेल्या पाहुण्याला बाबा दुसऱ्यांदा खोटं पाडत नाहीत. शिक्षिकेला तर एकदा सांगितलं तेच पुष्कळ. माझं त्या दिवशी घरी भांडण झालं त्यांच्याशी. समुद्रही उन्हाळ्यात तुमच्यासारखाच गावाला जातो, हे इथलं शेंबडं पोर तुम्हाला सांगेल."

घरी येऊन मी पुस्तकं उघडली, जे आधी करायला हवं होतं. तांबड्या समुद्राच्या त्या मधल्या पट्ट्यात चंद्राची भरती अगदी थोडी असते. तिथलं पाणी मुख्यतः ऋतूप्रमाणे चढतं-उतरतं. उन्हाळ्यात उत्तरेचे वारे ते दक्षिणेकडे बाहेर लोटतात, वर बाष्पीभवन असतं. हिवाळ्यात दक्षिणेचे वारे ते आत आणतात. हे वारे ज्या मोठ्या व्यवस्थेचा भाग आहेत, तिचंच नाव मान्सून. माझ्या अंगणात पाऊस पाडणारी व्यवस्था हा समुद्र उपसून नेत होती, आणि नेमकं ते पाहायची वेळ आली की मी पाऊस बघायला गेलेली असे.

ऑक्टोबरात पडताळणी होती. कर्बाच्या मोजणीसाठी येणारा तपासनीस जगलेली रोपं मोजणार होता. ती ठरलेल्या मर्यादेखाली गेली तर करार बंद करण्याचा अधिकार क्रेडिट घेणाऱ्या कंपन्यांना होता; आणि करार गेला म्हणजे पगार, कुंपण, रोपवाटिका, सगळंच गेलं. माझ्या ओळी वजा केल्या तर आकडा मर्यादेखाली जात होता.

तोड गावानंच काढली. चाचांनी मला बसवून शांतपणे सांगितलं, "उंटांनी खाल्ली. कुंपण तुटलं होतं. पुस्तिकेत उंटांना माफी आहे ना?"

होती. जनावरांनी केलेलं नुकसान दोष धरलं जात नव्हतं. त्याच जागी पुन्हा लागवड करायची, एवढीच अट.

"आणि कुंपण?"

"ते मी तोडतो," चाचा म्हणाले. "जुनंच आहे."

यजमानांनाही त्यात गैर वाटेना. "अगं, सगळ्या गावाचं भलं होतंय. उंट काही तक्रार करायला येणार नाहीत."

"अहो, पण त्याच जागी पुन्हा लागवड," मी म्हणाले. "पुढच्या जुलैत त्या बायका पुन्हा डबे घेऊन चालतील."

 त्या रात्री मी जेवले नाही, एवढंच आठवतं.

तपासनीस आला तो केरळचा एक तरुण होता, टोपी आणि धुळीनं भरलेली पाठपिशवी घेऊन. गावानं त्याला कहावा दिला, खजूर दिले. वाळलेल्या ओळींजवळ येऊन त्यानं विचारलं, "इथे काय झालं?"

चाचांनी सुरुवात केली, "जमल... उंट..."

"उंट नाहीत," मी इंग्रजीत म्हणाले. "लागवडीची रेषा चुकली. ती मी आखली. डिसेंबरातल्या पंधरा दिवसांच्या नोंदीवर. वर्षभराची पातळी नोंदवली नाही. या गृहस्थांनी तेव्हाच मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही." आणि नोंदवही त्याच्या हातात दिली. त्यात मी माझी पंधरा दिवसांची कोष्टकं, चाचांचं ते वाक्य आणि 'आराखड्याबाहेरील लागवड' ही नोंद, सगळं जसंच्या तसं ठेवलं होतं.

चाचांना इंग्रजी कळत नव्हतं, पण काय झालं ते कळलं. ते वळले आणि होडीकडे चालू लागले. त्यांची लेक मला हळूच म्हणाली, "त्यांनी त्याच्यासमोर तोंड उघडलं होतं, अबला. पाहुणीला झाकायला. तुम्ही त्यांना उघडं पाडलंत."  जे खरं होतं ते मी सांगितलं होतं, आणि ज्यानं माझी लाज राखली त्याला मी परक्या माणसापुढे खोटं ठरवलं होतं. दोन्ही एकाच वाक्यात.

पुढचे सात शुक्रवार चाचांनी मला मासा दिला, पण दर सांगण्यापलीकडे शब्द बोलले नाहीत. ताजा आहे का असं मीही विचारलं नाही.

निकाल डिसेंबरात आला. वरच्या ओळींची सगळी जमीन करारातून वगळली होती; तेवढी क्रेडिट कायमची गेली, आणि रोपवाटिकेतल्या तीन बायकांचं काम गेलं. त्यांतली एक ती, जिला मी कोपऱ्यात उभी करत असे. उरलेला करार ओघळीच्या बाजूनं वाढवून चालू ठेवला होता, मात्र एका अटीवर: पाण्याची वार्षिक पातळी ठाऊक असलेल्या स्थानिक व्यक्तीनं नवी रेषा आखावी, आणि तिचं ज्ञान लेखी स्वरूपात, तिच्या नावानं, नोंदवहीत जोडावं.

लेकीनं तो कागद वाचून दाखवला तेव्हा चाचा जाळं दुरुस्त करत होते. बराच वेळ सुई चालू राहिली. मग माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "वही आणली आहे का?"

आणली होती. मी चटईवर बसले. लेकीनं आमच्यामध्ये कहाव्याची किटली ठेवली आणि कामाला निघून गेली.

ते सांगत गेले, मी लिहीत गेले. सुरय्या पहाटे पूर्वेला दिसू लागली की पाणी निघतं. सुरय्या म्हणजे आपल्या कृत्तिका, हे मी समासात लिहिलं. मग कोणता वारा, कोणते मासे खोल जातात, कोणत्या ओघळीत ओल टिकते. सुहैल तारा दिसला की समुद्र सर्वांत लांब असतो. सुहैल कुठे दिसतो ते त्यांनी बोटानं दाखवलं, दक्षिणेला, अगदी क्षितिजाशी, आणि मी लिहिता लिहिता थांबले.

"काय झालं?"

"चाचा, तो आमचा अगस्ती. आमच्याकडे त्या नावाचे ऋषी होते, त्यांनी समुद्र पिऊन टाकला अशी कथा आहे."

त्यांनी सुई खाली ठेवली. सात आठवड्यांत पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "मग तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं?"

"गोष्ट म्हणून माहीत होतं."

"आणि मला संत्रं दाखवलंत!" ते हसले, आणि हसता हसता खोकले. "तुमचे ते शेख, त्यांनी पाणी परत दिलं का?"

"दिलं असावं. समुद्र आहे अजून."

"हिवाळ्यात देत असतील," चाचा म्हणाले. "वाचा, काय लिहिलंत ते. सगळं."

मी प्रत्येक वाक्य हिंदीत करून वाचू लागले. तिसऱ्या वाक्यावर त्यांनी हात वर केला.

"चूक. 'उन्हाळ्यात पाणी कमी होतं' असं नाही सांगितलं मी. कमी होत नाही. सुरय्यानंतर रोज थोडं निघतं, सुहैल दिसला की थांबतं, मग येतं. कमी म्हटलं तर त्या केरळच्या पोराला वाटेल एका दिवसात झालं. खोडा ते."

मी खोडलं.

"पुन्हा लिहा. आणि अबला, अक्षर मोठं काढा. हे माझ्या नावानं जाणार आहे."